ती गोदाक्का मी नव्हते

नाथादादा,

तुम्ही गेल्याची बातमी आष्ट्यात पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजारात एका बाईने माझा हात धरला. ओळखीची नव्हती. डोक्यावरची भाजीची पाटी तशीच सावरत ती म्हणाली, "गोदाक्का, हणमा गेला म्हणं." मी हो म्हटलं. तिने माझ्या कपाळाकडे बघितलं, कुंकवाकडे बघितलं, आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाली, "आता कसं वो तुमचं?"

माझे यजमान पलटणीत आहेत, धडधाकट आहेत, गेल्या महिन्यातच सुट्टी संपवून परत गेले. माझं नाव इंदुमती, मी मुलींच्या शाळेत शिकवते. यातलं काहीच मी तिला सांगितलं नाही. "बघू आता," एवढंच म्हटलं. घरी आल्यावर मोरीत तोंड धुताना मला रडू फुटलं. त्यातलं तुमच्यासाठी किती आणि तुमच्यावरच्या रागाचं किती, ते मला अजून वेगळं काढता आलेलं नाही.

सांगलीच्या अडत दुकानात तुमचा फोटो लावलाय, त्याला हार घातलाय. हळदीच्या पेठेत सगळे म्हणतात, नाथा दिवाणजीसारखा हसवणारा माणूस पुन्हा होणे नाही. खरंच आहे ते. पण मला जे बोलायचं आहे ते त्यांच्याजवळ बोलता येत नाही. ज्याच्याशी भांडायचं तो माणूसच निघून गेला, आणि जाताना माझी बाजू ऐकून घेतली नाही. तर आता ऐका.

पहिला दिवस आठवतो का तुम्हाला? मी माझ्या शाळेच्या मुली घेऊन सांगलीच्या रेडिओ केंद्रावर आले होते, बालसभेत गाणं म्हणायला. तुम्ही म्हसवडकडच्या चार माणसांबरोबर धनगरी ओव्या म्हणायला आला होता. स्टुडिओबाहेरच्या व्हरांड्यात मुलींनी चपला काढल्या होत्या. तुम्ही आलात आणि त्या ढिगात पाय अडकून जवळजवळ पडलातच. "ह्यो काय चपलांचा बाजार मांडलाय?" असं तुम्ही म्हणालात, आणि माझ्या तोंडून शाळेतली भाषा निघायच्या आत आईची भाषा निघाली. "बाजारात आल्यावर खाली बघून चालावं, का आभाळात बघत?"

मग तुम्ही एक बोललात, मी दोन बोलले. तुमच्या ओव्यावाल्यांनी डफ खाली ठेवले आणि ऐकत बसले. आतून कार्यक्रमाचे साहेब दार उघडून आले. आता हाकलणार असं वाटून मी पदर सारखा केला. ते नुसते उभे राहिले, आणि आपण गप्प झाल्यावर म्हणाले, "थांबलात का? हेच माईकसमोर बोलाल?"

तसा तो कार्यक्रम सुरू झाला. त्याला काहीतरी लांबलचक सरकारी नाव होतं, ते कुणीच कधी घेतलं नाही. दर गुरुवारी लोक म्हणायचे, आज बेस्तरवार, आज गोदाक्का. हणमा आणि गोदा, नवराबायको, एक म्हैस, दोन एकर जमीन आणि पंधरा मिनिटांचं भांडण.

तुमचे उपकार मी नाकारत नाही, दादा. मास्तरीण व्हायचं म्हणून मी माझी बोली तोंडातून घालवली होती. ट्रेनिंग कॉलेजात 'हाय' म्हटलं की मुली हसायच्या, म्हणून 'आहे' म्हणायला शिकले, 'न्हाई'चं 'नाही' केलं. आईशीसुद्धा तसंच बोलायला लागले, तर ती बिचारी माझ्याशी बोलताना अडखळायची. तुम्ही मला म्हणालात, "बाई, त्या पुस्तकातल्या बाईला दाराबाहेर ठिवा. आत तुमच्या आईला घिऊन या." पहिला भाग लागला तेव्हा आई आमच्याकडे होती. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "ही माज्यावानी कोण बोलतीया?" मी सांगितल्यावर किती वेळ ती माझ्या तोंडावरून हात फिरवत होती. ते तुमच्यामुळे झालं. हे मी कधीच विसरणार नाही, आणि म्हणूनच पुढचं विसरता येत नाही.

गावात कुजबुज झालीच. पलटणीतल्या माणसाची बायको दर आठवड्याला परक्या पुरुषाला 'आवं धनी' म्हणते, तेही सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाईल असं. ती कुजबुज माझ्या सासूबाईंनी मोडली. दिवाळीत त्यांनी तुम्हाला घरी बोलावलं, पाट मांडला, आणि शेजारणींच्या देखत मला म्हणाल्या, "रेडिओवर नवरा म्हणतीस न्हवं? मग घरात भाऊ म्हणून ओवाळ." मी ओवाळलं. तुम्ही ओवाळणीत हळदीच्या कांड्यांची पुडी घातलीत आणि म्हणालात, "आता भांडायला दोन्हीकडनं मोकळीक झाली." यजमान सुट्टीवर आले तेव्हा तुम्हाला मुद्दाम भेटायला सांगलीला गेले. तुमच्याबरोबर बसून भडंग खाल्लं आणि घरी येऊन मला सांगितलं, "माणूस सोन्यासारखा हाय. बिनघोर काम कर." त्यांचं हे वाक्य लक्षात ठेवा, दादा. मला पुढे लागणार आहे.

मग बहात्तर साल आलं. तुमच्या माण तालुक्यात माणसं खडी फोडत होती, आमच्याकडे विहिरीचे तळ दिसत होते, आणि साहेबांनी विचारलं, "अशा दिवसांत विनोद करावा का?" तुम्ही म्हणालात, "साहेब, दुसरं करायला हाय काय?" त्या आठवड्याचा भाग मला अजून तोंडपाठ आहे. घरात एकच घागर पाणी. हणमाला अंघोळ करायची आहे. गोदा म्हणते, करा, पर घमेल्यात बसून करा, तेच पानी म्हशीला घालायचं हाय. हणमा म्हणतो, म्हस पील का ते? गोदा म्हणते, तिला सांगंन पावन्याचं हाय, लाजंकाजं पील.

दुष्काळी कामांवरच्या बाया तळावर संध्याकाळी तो भाग ऐकून पोट धरून हसल्या, असं तुम्ही गावाहून परत येऊन सांगितलंत. पाण्याचा टँकर आला की तिथे एकमेकींना म्हणायच्या, "प्या, पावन्याचं हाय." सांगताना तुमचे डोळे भरले होते. तेव्हा मला वाटलं होतं, आपण दोघांनी मिळून या जन्मात एक तरी बरं काम केलं.

तिथेच थांबायला हवं होतं असं मी म्हणत नाही. त्यानंतरही दोन-तीन वर्षं चांगलं चाललं. पण हळूहळू काय झालं ते तुम्हालाही माहीत होतं. सुरुवातीला भांडणात हरायचा तो हणमा. गोदा अडाणी होती, पण तिला जग कळत होतं आणि शेवटचा शब्द तिचा असायचा. मग विषय संपत आले. लिहिताना नवीन सुचेना तेव्हा तुम्ही गोदाला चिकट केलंत. मग हावरी केलंत. मग ती लुगड्यासाठी रुसायला लागली, शेजारणीच्या चुगल्या करायला लागली, एका भागात तर तिने म्हशीची पेंड स्वतः खाल्ली. तुम्ही मला ते वाचायला दिलंत तेव्हा मी म्हटलं, "दादा, गोदा असं करायची नाही." तुम्ही म्हणालात, "हसतील की लोक." मी म्हटलं, "गोदाला हसतील. आधी गोदाबरोबर हसायचे."

तुम्ही कागद परत घेतलात. पण तो प्रसंग तसाच ठेवलात, आणि मी तो तसाच केला.

शेवटी एकदा, अडत दुकानाच्या मागच्या खोलीत, पोत्यांवर बसून मी सरळ विषय काढला. लोकांनी रेडिओ बंद करण्याआधी आपण कार्यक्रम बंद करू या, म्हटलं. तुम्ही हळदीची कांडी नखाने खरवडायला घेतलीत.

"बाई," तुम्ही म्हणालात, "आमच्या तिकडं सांज झाली की काय हाय? माळ हाय आन् वारा हाय. हसू यिऊ द्या न्हाईतर न यिऊ द्या. हणमा-गोदा भांडाय लागली म्हंजी मान्सांना वाटतं, चला, घरचं सगळं ठीक हाय."

"म्हणजे आपण घड्याळ झालो, दादा."

"झालो तर झालो. घड्याळ कोण बंद करतं व्हय?"

"चुकीची वेळ दाखवायला लागलं तर करतात."

यावर तुम्ही हसलात. खूप दिवसांनी मनापासून हसलात. आणि मग गंभीर होऊन म्हणालात, "तुमचं खरं हाय. चांगलं असताना उठावं. तुमी म्हनाल तसं शेवट करू." हे तुम्ही म्हणालात. मी गळ घातली नाही, रडले नाही, रुसले नाही. तुम्ही हो म्हणालात.

शेवटचा भाग आपण दोघांनी मिळून रचला. नेहमीसारखं भांडण सुरू होतं, मधेच हणमाला पुढचा शब्द आठवत नाही, गोदालाही आठवत नाही. दोघं विचार करतात की आपण कशावरून भांडत होतो. मग गोदा म्हणते, "ऱ्हाऊ द्या आता. बसा जरा माज्याजवळ." आणि मग फक्त रातकिडे. साहेबांनी रातकिड्यांचा आवाज कुठून तरी शोधून आणला होता. रेकॉर्डिंग झाल्यावर काचेपलीकडे साहेब चष्मा काढून पुसत होते. तुम्ही तर माईकसमोरच रडलात. मी तुम्हाला पाणी आणून दिलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "न्हाऊमाखू घालून लेक सासरी धाडल्यावानी वाटलं, बाई."

मी एस.टी.त बसून आष्ट्याला आले तेव्हा मन इतकं हलकं झालं होतं.

त्या गुरुवारी आमच्याकडे माणसं मावेनात. मी सगळ्यांना सांगितलं होतं की आज शेवट आहे. मुख्याध्यापिकाबाई आल्या होत्या, गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या होत्या. सासूबाईंनी रेडिओ उंच कोनाड्यात ठेवला. भांडण सुरू झालं, सगळे हसले. हणमा अडखळला, गोदा अडखळली. मी मान खाली घातली, कारण पुढचं वाक्य मला सर्वांसमोर ऐकायचा संकोच वाटत होता.

ते वाक्य आलंच नाही. काहीतरी खट्ट वाजलं, आणि तुमचा एकट्याचा आवाज आला. "मंडळी, गोदा रुसून म्हायेराला गेली बगा. जाऊ द्या. पुढच्या बेस्तरवारी आनतो तिला वढून."

सगळं घर हसलं. आधी मला वाटलं, टेप बिघडली असेल, मागचं काहीतरी चुकून लागलं असेल. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. "इंदे, तू तर म्हणालीस संपलं." मी म्हटलं, "काहीतरी घोटाळा झालाय." केंद्रावरच्या टेप लावणाऱ्या माणसाकडून घोटाळा होऊ शकतो असं मला वाटलं, तुमच्याकडून होऊ शकतो हे डोक्यातही आलं नाही.

पुढच्या गुरुवारी गोदा माहेरून परत आली. आवाज माझा होता आणि माझा नव्हता. माझ्यासारखाच हेल काढत होती, माझ्यासारखंच 'आवं' म्हणताना शेवट लांबवत होती. कोण मुलगी होती कोण जाणे, पण तिला मी कशी बोलते ते कुणीतरी बसवून शिकवलं होतं. आणि माझ्या आईची बोली, ती कुठे लांबते, कुठे तुटते, हे जगात फक्त एका माणसाला इतकं नेमकं माहीत होतं.

त्याहून वाईट पुढे आहे. कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना कासाराच्या दुकानातून हाक आली, "बाई, काल लय झ्याक झालं." मी म्हटलं, "ती मी नव्हते." तो हसायला लागला. त्याला वाटलं, गोदाक्का गंमत करतेय. मी जितक्यांना सांगितलं तितके हसले. कार्यक्रम आधी टेपवर भरून ठेवतात हे लोकांना माहीत होतं, त्यामुळे मी समोर उभी आणि आवाज रेडिओतून, यात कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. शेवटी मी सांगायचं सोडलं.

मी सांगलीला आले ती सरळ साहेबांकडे गेले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि फार जपून बोलले. "बाई, तुमच्या घरची अडचण नाथारावांनी सांगितली. मिस्टरांना हे काम पसंत नाही म्हणाले, त्यामुळे तुम्हाला निरोपाचा भागसुद्धा लावलेला नको आहे. आम्ही समजू शकतो."

माझा नवरा सरहद्दीवर होता. ज्याने तुम्हाला सोन्यासारखा म्हटलं, ज्याने मला बिनघोर काम कर म्हटलं, त्याला तुम्ही संशयी नवरा करून टाकलं होतं, तेही सरकारी कचेरीत, परक्या माणसांसमोर. मी साहेबांना खरं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. पण ती मुलगी नेमून झाली होती, पुढचे भाग भरून झाले होते, आणि मी तरी काय म्हणणार होते, मला परत घ्या? मला तर संपवायचं होतं.

मग मी पेठेत आले. लिलाव नुकता आटोपला होता. तुम्ही मला बघितलंत आणि पळाला नाहीत, एवढं मात्र खरं. मागच्या खोलीत नेलंत, पंखा लावलात.

"बसा," म्हणालात.

"बसायला आले नाही. का केलंत?"

"आवं, लोकांची पत्रं आली. शेवट हुनार म्हणून आदीच बोभाटा झाला हुता. मानसं म्हणाय लागली, नगा बंद करू."

"मग मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुमी न्हाई म्हणला असता."

"म्हणूनच सांगायचं असतं, दादा."

तुम्ही खाली बघितलंत. मग मान वर करून जे बोललात ते मी किती वेळा मनात उलटंपालटं केलं असेल. "गोदा तुमची एकलीची न्हवं, बाई. लोकांची हाय."

"आणि माझा नवरा? तोही लोकांचा आहे का?"

बाहेरून कुणीतरी 'दिवाणजी' अशी हाक मारली आणि तुम्ही उठून गेलात. मी थोडा वेळ थांबले. तुम्ही परत आला नाहीत.

त्या दिवाळीत आमच्याकडे पाट मांडला नाही. सासूबाईंनी एकदा विचारलं, मी नुसतं बघितलं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. यजमानांना मी हे कधीच सांगितलं नाही. ते अजून तुमची आठवण चांगलीच काढतात.

पुढचं वर्ष-दीड वर्ष मी दुसऱ्या बाईच्या पापाची धनीण होते. कार्यक्रम घसरत गेला. लोक मला रस्त्यात गाठून म्हणायचे, "बाई, हल्ली गोदाक्का नुसती आरडती." कुणी म्हणायचं, "आवाज बसलाय जनू. काढा-बिढा घ्या." माझ्या वर्गातली एक मुलगी मला विचारायला आली, "बाई, तुमी रेडिओवर इतक्या वंगाळ का वागता?" तिला काय सांगू? पाठीवर हात ठेवून म्हटलं, "ते नाटक असतं."

मग एका गुरुवारी त्या वेळेला शेतकऱ्यांना खतांची माहिती लागली. पुढच्या गुरुवारीही तेच. कुणी जाहीर केलं नाही, कुणी विचारलं नाही. आपल्या गोदाला ना धड मरण दिलंत ना धड जगू दिलंत. कासाराच्या दुकानासमोरून जाताना मी वाट बघत होते, कुणी तरी म्हणेल, अरे, बंद झालं वाटतं. कुणीच म्हटलं नाही.

तुम्हाला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलंय हे कळलं तेव्हा मी आले. मनात एक आशा होती, ती आता लपवत नाही. वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, बाई, चुकलं माझं. मी मोसंबी घेतली होती. हिरावहिनी उशाशी बसल्या होत्या. तुम्ही किती वाळला होतात. मला बघून तुमचे डोळे चमकले आणि माझा सगळा राग तिथेच अर्धा झाला.

पलीकडच्या खाटेवर पाय बांधलेला एक माणूस होता. तुमचा आवाज ऐकून तो उठून बसला. "आरं, ह्यो हणमा हाय व्हय?" तुम्ही लगेच आवाज काढलात, तो जुना, चिडका. "गोदे, पानी दे की गं. मरतंय मानूस." आणि माझ्याकडे बघितलंत.

सगळा वॉर्ड बघत होता. तुम्ही हाक मारत होता, आणि त्या भांडणानंतर तुम्ही मला पहिल्यांदाच हाक मारली होतीत. माझ्या तोंडून आपोआप निघालं. "हात हायती न्हवं? उचला तांब्या. मेल्यावर सोनं पाजीन, आता पानी तुमचं तुमी प्या."

खाटाखाटांवर माणसं हसली. नर्स हसली. हिरावहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या, बऱ्याच दिवसांनी हसत असाव्यात. मीही हसले. एवढासा वेळ सगळं जुनं परत आलं होतं. मी तांब्या उचलून तुमच्या ओठाला लावला. तुम्ही दोन घोट घेतलेत, माझा हात धरलात, मला जवळ ओढलंत आणि हळूच म्हणालात,

"बघितलंसा? चाललं असतं अजून."

मला वाटलं होतं तुम्ही बहिणीला हाक मारलीत. तुम्ही वाद जिंकत होता. मी मोसंबी वहिनींच्या हातात दिली आणि निघाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. ते तुमचं माझ्याशी शेवटचं वाक्य.

दहाव्याला मी विट्यावरून एस.टी.ने म्हसवडला आले. येऊ नये असं वाटत होतं, पण पायच निघाले. नदीवरचे विधी आटोपून माणसं घरी आली होती. हिरावहिनींनी मला आत नेलं आणि तुमच्या आईजवळ बसवलं. त्यांना मी पहिल्यांदाच भेटत होते. इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी गावी नेलं नाहीत.

मी त्यांच्या पाया पडले आणि म्हटलं, "मी इंदू. सांगलीला त्यांच्याबरोबर काम करायची."

माझा आवाज ऐकताच म्हातारीने मान वर केली. "तू व्हय गोदा."

"व्हय, आई."

"खरी गोदा." त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "मंग ती दुसरी कोण हुती गं?"

सगळ्या सातारा-सांगलीत, माझ्या शाळेत, माझ्या गल्लीत कुणाला जे कळलं नाही ते या म्हातारीने माळावरच्या घरात बसून पहिल्याच गुरुवारी ओळखलं होतं. त्या सांगत राहिल्या. "म्या त्याला इचारलं, नाथा, ही बाई कोण? त्यो म्हणला, तीच हाय आये, जरा पडसं झालंय. आपल्या आईशी खोटं बोलला बग. मंग म्या रेडू लावलाच न्हाई. कोनाड्यात तसाच हाय त्यो."

मी कोनाड्याकडे बघितलं. रेडिओवर फडकं टाकलेलं होतं.

"पर त्यो घरला आला की पयलं इचारायचा, आये, ऐकलंस का? हसलीस का? लई आस असायची त्याच्या तोंडावर." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "म्या म्हणायची, ऐकलं बाबा. लय हसले. दर खेपंला त्येच सांगायची. त्यो म्हणायचा, मंग चाललंय ते बराबर चाललंय. आन् परत जायचा सांगलीला."

बाहेर पंगत बसत होती, कुणीतरी पत्रावळी मोजत होतं. म्हातारीने माझं मनगट सोडलं नव्हतं. म्हणजे असं होतं तर, दादा. तुम्ही माझा शब्द कापलात, माझ्या नवऱ्याचं नाव खराब केलंत, साहेबांना फसवलंत, आईला फसवलंत, आणि आईच्या एका खोट्या 'हसले'वर सगळा गाडा ओढत राहिलात. तुम्हाला खरं सांगणारी एकच होते मी, आणि नेमकी मीच तुम्हाला नको झाले. मला तुमची दया आली. राग गेला नाही. दोन्ही एकाच वेळी पोटात असतात हे मला तिथे बसून कळलं.

निघताना म्हातारी मला दारापर्यंत सोडायला आली. उंबऱ्याजवळ थांबून हळू आवाजात म्हणाली, "पोरी, म्या ऐकत न्हवते ह्ये नाथाला कदी कळू दिऊ नगंस. जिवाला लावून घील त्यो."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

मग मी म्हटलं, "न्हाई कळू देणार, आई." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि त्या आत गेल्या.

मी त्यांना हो म्हटलं होतं, दादा, अगदी मनापासून. आणि आज सगळं तुम्हाला सांगून टाकलं. हो म्हणून पाठीमागे काय करता येतं, ते मी तुमच्याकडूनच शिकले.

तुमची,
इंदू